माझ्याच तिरडीची तपासणी

मु. केळवे, ता. पालघर
११ एप्रिल १९८३

मेव्हणेसाहेब पुंडलिकदादा यांस, वेरावळ बंदर मुक्कामी,

कमलाकांतचा एक कडक सलाम आणि एक साधा नमस्कार, दोन्ही पोचावेत. तुमचा गुडघा कसा आहे, वहिनींची साखर उतरली का, बर्फाच्या कारखान्याचं मशीन पुन्हा रुसलं का, हे सगळं आधीच विचारून घेतो, कारण पुढे जागा उरणार नाही. इकडे सगळे बरे आहेत. मीही बरा आहे, आणि हे वाक्य या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं समजा. केळव्याची एखादी बोट तुमच्या बंदराला लागली असेल आणि एखाद्या खलाशाने तुमचा मेव्हणा गेला अशी बातमी दिली असेल, तर त्याच्यावर रागावू नका. त्याने मला स्वतः खांदा दिलेला असणार. पण मी जिवंत आहे, अक्षर ओळखा. तुमची बहीण पुष्पलताही खुशाल आहे. ती घरात आहे आणि मी वाडीतल्या खोपटात, सिनेमाच्या डब्यांच्या शेजारी. गावाच्या मते ती सध्या माझी कोणी लागत नाही, आणि पुढे लागेल की नाही हे तिने अजून सांगितलेलं नाही. हे कसं झालं ते सविस्तर कळवतो, म्हणजे तुम्हांला दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून ऐकावं लागणार नाही.

तुम्हांला माहीतच आहे की सैन्यात मी बंदूक कमी आणि प्रोजेक्टर जास्त चालवला. फिरत्या सिनेमाची गाडी माझ्या ताब्यात होती. डोंगरात असो की वाळवंटात, दोन बांबूंना पडदा ताणायचा आणि जवानांना सिनेमा दाखवायचा. एवढे सिनेमे पाहिले, पण त्यांत एक कोळी धड दिसला असेल तर शपथ. नायक वल्हं मारतो ते असं की होडी जागच्या जागी गोल फिरावी. नायिका डोक्यावर पापलेटांची टोपली घेऊन नाचते आणि पापलेट रबराचे. (पंजाबी जवान मला विचारायचे, सूबेदारसाब, आपके गाँव में ऐसा होता है क्या, आणि मी प्रोजेक्टरला तेल घालत बसायचो.) तेव्हाच मनाशी ठरवलं की पेन्शनीत गेलो की एक सिनेमा असा काढायचा, ज्यात औषधाला खोटं सापडणार नाही. पेन्शनीनंतर तारापूरच्या एका रसायनाच्या कारखान्यात फाटकावर सुरक्षा अधिकारी म्हणून काही वर्षं काढली, लोकांचे डबे उघडून हुंगले, आणि गेल्या दिवाळीत राजीनामा देऊन स्वतंत्र निर्माता झालो. स्वतंत्र म्हणजे पाठीशी कोणी नाही असा. तुमची बहीण तेव्हा एवढंच म्हणाली की उभं राहून कंटाळला असाल तर ओसरीवर बसा, त्याला सिनेमा कशाला हवा. मी ते मनावर घेतलं नाही.

चित्रपटाचं नाव ‘उधाणाची सून’. दिग्दर्शक आत्माराम म्हणून मुंबईचा एक तरुण आहे, शिकलेला, दाढीवाला, आणि डोळे मिटून विचार करणारा. (फौजेत असा माणूस दिसला की आम्ही त्याला आधी डॉक्टरकडे पाठवायचो.) सगळ्या मंडळींची सोय मी आमच्या नारळीच्या वाडीत केली. पहाटे शिटी, मग हजेरी, मग किनाऱ्यावर दौड, आणि शेवटी आपापला मग घेऊन चहाच्या रांगेत. नायिकेने पहिल्याच दिवशी विचारलं की मेकअप कधी करायचा. मी म्हटलं, दौडीनंतर, घाम वाळला की. पोरगी गुणी निघाली, दोनतीन दिवसांत सगळ्यांच्या पुढे धावू लागली. पण सासऱ्याचं काम करणारे गृहस्थ नाटकातले जुने नट, आयुष्यात फक्त विंगेतून रंगमंचापर्यंत चाललेले. त्यांनी आठवडाभर कळ काढली आणि एका पहाटे दौडीत जे केळवे रोड स्टेशनच्या दिशेने पळाले ते पळालेच. त्यांची पिशवी मागाहून पाठवून दिली. अडचण अशी की कथेतला सासरा अजून मरायचा होता. त्याची अंत्ययात्रा किनाऱ्याने जाते आणि तिथून पुढेच सगळी गोष्ट पेट घेते. आत्माराम डोळे मिटून बसला. उघडले तेव्हा त्याची नजर माझ्या पोटावर होती. म्हणाला, प्रेताचं तोंड कापडाखालीच राहील, आकार जुळला की झालं, आणि आकार जुळतो आहे.

आता हिराआजी तुम्हांला आठवत असेल. गावातली निम्मी माणसं सुईण म्हणून तिने जन्माला घातली, मीही त्यांतलाच, आणि मेलेल्यांच्या न्हाणापासूनचं सगळंही तीच बघते. माझी तिरडी बांधायचं चाललं आहे म्हटल्यावर ती काठी टेकत आली आणि मला बाजूला घेऊन तिने बजावलं की सोंग करतोस तर कर, पण एक तरी गोष्ट खोटी ठेव. शिमग्याला पोरं सोंगाचं मढं काढतात तेव्हा एक गाठ मुद्दाम उलटी बांधतात, म्हणजे वर जो बघत बसलेला असतो त्याला कळतं की हे खेळातलं आहे, याला घ्यायचं नाही. सगळंच खरं केलंस तर तो खरं धरील. मी म्हटलं, आजी, माझा सगळा सिनेमाच खोट्याच्या विरुद्ध आहे. ती काठी टेकत निघून गेली. मात्र गावाने माझी काळजी केली. ज्याला जे जमेल ते त्याने गुपचूप खोटं ठेवलं, आणि कोणी कोणाला सांगितलं नाही. हे मला मागाहून कळलं.

दादा, तुम्ही बर्फाच्या धंद्यातले, तुम्हांला कल्पना नसेल, पण फौजेत तपासणीवाचून काडी हलत नाही. तिरडीवर चढण्याआधी मी तिला एक फेरी मारली. गाठी उलट्या होत्या. सोडून पुन्हा बांधायला लावल्या. पुढे धरायच्या मडक्यात निखारे नव्हते, नुसती थंड राख होती. चुलीतले निखारे मागवले. एकाने खांद्यावर पंचा घेतला नव्हता, त्याला घरी पिटाळलं. मग समाधानाने आडवा झालो, वर कापड ओढलं गेलं, आणि मंडळी निघाली. अर्ध्या वाटेवर विसाव्याला तिरडी खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि माझ्या लक्षात आलं की समुद्र अजून उजव्याच कानात वाजतो आहे. विसाव्याला तिरडी फिरवायची असते, पायांकडचे खांदेकरी डोक्याकडे येतात, म्हणजे समुद्र डाव्या कानात यायला हवा. मी कापडाखालूनच हुकूम सोडला, थम. (आत्माराम नंतर म्हणाला की शॉट थांबवण्याचा हक्क दिग्दर्शकाचा असतो, नटाचा नसतो, आणि प्रेताचा तर नसतोच नसतो.) पुढच्या उजव्या खांद्याला आमचे सरपंच देवू होते. ते हळूच म्हणाले, असू द्या ना सुभेदार, कोणाला कळतंय. मी म्हटलं, मला कळतंय. तेव्हा त्यांनी तिरडी फिरवली. रविवार होता, बोईसरच्या कारखान्यांतले कामगार समुद्रावर आलेले. त्यांना यात्रा दिसली, कॅमेरा दिसला नाही. त्यांनी चपला काढल्या आणि खांदा द्यायला धावले. त्यांतला एक शेजाऱ्याला सांगत होता की चाचा बहुत नेक आदमी थे. मला आयुष्यात इतक्या मनापासून कोणी नेक म्हटलेलं नाही, तेव्हा तो शॉट तसाच ठेवला आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो, जो मला सारखा टाळावासा वाटतो आहे. मेलेल्याच्या बायकोचं काम पुष्पलतेकडे होतं. तिला एकही वाक्य नव्हतं आणि तिचा चेहरा कॅमेऱ्यात फार चांगला दिसतो असं आत्मारामचं मत पडलं. (माझंही तेच मत आहे, फक्त ते बोलून दाखवायची वेळ आली नव्हती.) तिने हात वाळूवर आपटायचे आणि बांगड्या फुटल्याचा आवाज नंतर मुंबईत घालायचा, असं ठरलं होतं. ती माझ्याशेजारी बसली, वाकली, आणि कापडापाशी तोंड आणून तिने मला विचारलं की खरंच फोडू का. तिच्या आवाजात काय होतं ते आज मला कळतं. तेव्हा मी तपासणीच्या तारेत होतो. मी म्हटलं, फोड.

तिने फोडल्या, आणि रडली. दादा, मी ते रडणं कापडाखालून ऐकलं. आधी मला अभिमान वाटला, की बघा, नाटकाची पायरी न चढलेली बाई काय काम करते आहे. मग ते थांबेना. आत्मारामने शॉट संपल्याचं सांगितलं तरी थांबेना. कॅमेरावाला मुलगा तोंड फिरवून उभा राहिला. मी शेवटी कापड फेकून तिरडीवर उठून बसलो आणि सवयीने तोंडातून कवायतीचा हुकूम निघाला, जैसे थे. झालं, बोईसरची मंडळी चपला तिथेच टाकून पळाली. पुष्पलता मात्र जागची हलली नाही. डोळे पुसून तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “पासष्टला आन एकाहत्तरला पोस्टमन दिसला का रोज हेच मनात यायचं. तुमी परत आले, म्हनून रडायचं राहून गेलं होतं.” आणि उठून घरी गेली. मी पासष्ट साली पठाणकोटला पडद्याच्या दोऱ्या ताणत होतो आणि एकाहत्तरला जवानांनी शिट्ट्या मारू नयेत म्हणून ओरडत होतो. ती इथे रोज मला मारून पुन्हा जिवंत करत होती, हे मला कोणी कळवलं नव्हतं. तिने पत्रात नेहमी कोंबड्यांची खुशाली लिहिली. मला फार वाईट वाटलं, दादा.

दुसऱ्या दिवशी एकही बोट समुद्रात गेली नाही. मी किनाऱ्यावर जाऊन विचारलं की हवा तर छान आहे, मग काय झालं. तेव्हा सगळे माझ्याकडे न बघता म्हणाले की गावात मयत झालं आहे. संध्याकाळी हिराआजीच्या अंगणात बैठक बसली आणि सगळ्यांनी आपापलं खोटं कबूल केलं. गाठीवाला म्हणाला मी गाठी उलट्या बांधल्या होत्या, मडकेवाला म्हणाला मी राख भरली होती, देवू म्हणाले मी तिरडी फिरवणार नव्हतो, आणि प्रत्येकाने शेवटी माझ्याकडे बोट दाखवलं. आजीने निकाल दिला की कमळ्या रीतसर मेला आहे आणि मारणारा तो स्वतःच आहे. आता उपाय एकच, पहिल्यापासून सुरुवात. जन्म, बारसं, जावळ, आणि शेवटी स्वतःच्या बायकोशी पुन्हा लग्न. ते होईपर्यंत कोणी मला बोटीत घेणार नाही, वेस ओलांडू देणार नाही, आणि सिनेमाच्या शेवटच्या प्रसंगाला एक होडीही मिळणार नाही. पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्यावर दरवर्षी देवूच सही करतात. तेही म्हणाले की खांदा दिलेल्या माणसाला जिवंत लिहायला हात धजत नाही, आधी लगीन होऊ द्या.

आज्ञा म्हणजे आज्ञा. आजीने मला तेल लावून न्हाऊ घातलं आणि सगळ्या बायांसमोर म्हणाली की पहिल्या खेपेला हा एवढा जड नव्हता. पाळणा पुरेना म्हणून जुन्या जाळ्याची झोळी दोन माडांना बांधली आणि मला तीत घातलं. दमयंतीआत्याला बोलावून नाव ठेवायला सांगितलं. आत्या नव्वदीची, पण हौस केवढी. ती म्हणाली कमलाकांत हे नाव मला तेव्हाही आवडलं नव्हतं, आता माझ्या मनासारखं ठेवते, आणि तिने नामदेव ठेवलं. (घरच्यांनी पुढे तिला समजावलं, पण गावातली पोरं मला आता नामूबाळ म्हणतात.) जावळाच्या दिवशी खरा प्रश्न आला. डोक्यावर काढण्यासारखं काही नव्हतं. न्हाव्याने आजीकडे बघितलं, आजीने माझ्या मिशीकडे बघितलं. ती मिशी तीन ब्रिगेडियरांनी वाखाणलेली होती. आता ओठावर वारा लागतो आणि कोणी ओळख देत नाही. आत्माराम या सगळ्याचं चित्रीकरण करायला निघाला होता, त्याला मी पहाटे दोन दौडी जास्त लावल्या.

एवढं सगळं निमूट पार पाडल्यावर लग्न म्हणजे नुसता उपचार, अशी माझी समजूत. बैठकीत आजीने पुष्पलतेला विचारलं की येत्या वैशाखातला मुहूर्त धरू ना. सगळे माना डोलवत होते. पुष्पलता पदर सारखा करून म्हणाली की बघते. मला वाटलं ती थट्टा करते आहे. मग ती शांतपणे बोलली, आणि दादा, तिचे शब्द मी जसेच्या तसे लिहितो, “पयल्या वक्ताला माज्या बापाला इचारलं, दादाला इचारलं, यांच्या सायबाला इचारलं रजा किती हाय. मला कोनी इचारलं नाय. आता मी कोनाची नाय, तर मला जरा इचार करू दे.” बैठकीतल्या बायका एकेक करून तिच्या बाजूला जाऊन बसल्या. पुरुष मंडळी समुद्राकडे बघू लागली.

तेव्हापासून मी खोपटात आहे. सकाळ-संध्याकाळ ती माझं ताट वईच्या कुंपणावर आणून ठेवते, तोंडाने काही न बोलता आत जाते, आणि मी पोचेपर्यंत कावळे पोचलेले असतात. परवा बोंबलाची चटणी होती, ती सगळी त्यांनी नेली. कोंबड्यांशी ती बोलते, नायिकेशी बोलते, आत्मारामला तर तिने आग्रहाने दोनदा भाकरी वाढली. संध्याकाळी गात गात झाडांना पाणी घालते. इतक्या वर्षांत मी तिला गाताना ऐकलं नव्हतं, किंवा मी असताना ती गात नसावी. मला खोपटातून ते ऐकायला आवडतं आणि त्याच वेळी भीतीही वाटते, की हिचं माझ्यावाचून बरंच चाललं आहे. मी काही तक्रार करत नाही. तुमच्याकडून काही मागायचंही नाही. वस्तुस्थिती कळावी, एवढाच पत्राचा हेतू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला शेक द्या.

तुमचा, अजून तरी मेव्हणा,
सुभेदार (निवृत्त, मृत आणि नवजात) कमलाकांत

ता. क. काही मागायचं नाही असं वर लिहिलं ते खरं नाही. सासरेबुवा आता नाहीत, तेव्हा रीतीने मुलीची मागणी थोरल्या भावाकडे घालायची, आणि फौजेतही अर्ज योग्य मार्गानेच जावा लागतो. म्हणून हा अर्ज. पुंडलिकदादा, तुमची बहीण मला द्या. वराची माहिती अशी, वय लिहीत नाही, डोक्यावर केस नाहीत, मिशी येते आहे, व्यवसाय चित्रपट निर्मिती (चित्रपट अपुरा). स्वभाव तुम्हांला ठाऊक आहे, त्यात सुधारणा करायची तयारी आहे. त्या दिवशी कापडाखाली पडल्या पडल्या मला पहिल्यांदा कळलं की मी मेलो तर कोणाचं काय जाईल. ती नाही म्हणाली तर सिनेमा पुरा झाला काय आणि नाही झाला काय, मला कशातच राम उरणार नाही. तुम्ही इथे येऊन तिला चार शब्द सांगा. मी सांगायला गेलो की माझ्या तोंडून हुकूमच निघतात. दोनदा अंगणापर्यंत गेलो आणि कोंबड्यांची हजेरी घेऊन परत आलो.

ता. क. दुसरा. मला वेस ओलांडायची नाही, त्यामुळे हे पत्र पेटीत टाकायला पुष्पलतेकडेच देतो आहे. पाकीट उघडं आहे, कारण डिंक संपला. ती दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यांतली नाही, तेव्हा काळजी नसावी.

दादा, मी पुष्पी. डिंक घरात भरपूर हाय, बाटली यांच्या खोपटातच हाय. पाकीट उघडं ठेवून माज्या हातात दिलं ते मी वाचावं म्हनूनच, येवढं मला कळतं. वाचलं. दोनदा वाचलं. तुला इचारलं, मला अजून नाय इचारलं. तू उत्तर धाडू नको, सरळ ये, आन वहिनीला संगती आन. हे अंगणात येतात, कोंबड्या मोजतात, परत जातात. तू येशील तवर यांनी इचारलं तर बरं. नाय इचारलं, तर मीच इचारीन.